क्लब विश्वविजेते १९६०पासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५मध्ये अमेरिकेतल्या मेटलाइफ स्टेडियमवर चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनला ३-० असं हरवलं. त्यानंतरच्या अंकात तुमच्या क्रीडा पानाने चेल्सीला फुटबॉलमधला पहिला क्लब विश्वविजेता करून टाकलं. मी बातमी कापून वहीत ठेवली आणि गप्प बसले. रात्रीच्या सामन्याची बातमी घाईत होते, माणूस चुकतं. पण डिसेंबरमध्ये त्याच पॅरिसने ब्राझीलच्या फ्लामेंगोला पेनल्टींवर हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, तेव्हा तुमच्या पानावर आधीच्या विजेत्यांची चौकट होती आणि चौकटीत नाव एकच: रेआल माद्रिद, २०२४. एका नावासाठी एवढी चौकट आखताना कोणाला शंका कशी आली नाही? आता दोन्ही कात्रणं समोर घेऊन लिहायला बसले आहे.

चेल्सीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी अबू धाबीत चेल्सीने ब्राझीलच्या पाल्मेरासला जादा वेळेत २-१ हरवून फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, क्लब विश्वचषक जिंकला होता. हावर्ट्झने ११७व्या मिनिटाला पेनल्टी मारली. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता चेल्सीचा बचावपटू थियागो सिल्वा. आणि २०२५च्या उपांत्य सामन्यात चेल्सीसमोर जो फ्लुमिनेन्से उभा होता, त्याचा कर्णधार कोण? हाच थियागो सिल्वा, वय वर्षं चाळीस. चेल्सीच्या आधीच्या विजेतेपदाचा साक्षीदार मैदानावर समोरच्या बाजूने खेळत होता आणि आपण लिहितो, पहिला.

वहीबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही बाई हे सगळं कुठून काढते असं तुम्हाला वाटेल. वही माझ्या थोरल्या भावाची, दादाची. निळ्या पुठ्ठ्याची, फुलस्केप. तो कॉलेजात होता आणि मी पाचवी-सहावीत, तेव्हा १९६७ साली त्याने ती सुरू केली. आधीच्या सात वर्षांचे निकाल वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकांतून उतरवून घेतले, पुढचे शॉर्टवेव्ह रेडिओवर कान लावून. युरोपचा क्लब जिंकला की निळी शाई, दक्षिण अमेरिकेचा जिंकला की लाल. तिसरी शाई लागेल असं तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं. दादा गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे खंड आणि शहरं यांच्याशी माझं आधीपासूनच जमतं. ऑफसाइड मात्र दादाने मला तीनदा समजावला आणि चौथ्यांदा नाद सोडला.

पहिली नोंद अशी आहे: जुलै १९६०, मोन्तेविदेओ, पेन्यारोल ०, रेआल माद्रिद ०. खाली सप्टेंबर १९६०, माद्रिद, ५-१. माद्रिदच्या पुश्काशचे दोन गोल. (पेन्यारोल मोन्तेविदेओचा, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीचा क्लब.) युरोपचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यात दोन सामने, एक इथे, एक तिथे, अशी ती स्पर्धा. नाव तेव्हाही इंटरकॉन्टिनेंटल कपच. दक्षिण अमेरिकेतली कोपा लिबेर्तादोरेस त्याच वर्षी सुरू झाली, तीही बऱ्याच अंशी युरोपच्या विजेत्यासमोर कोणाला उभं करायचं हे ठरवायला. फिफाला हे मंजूर नव्हतं. बाकीचे खंड यात नाहीत, तेव्हा हा युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या दोन संघटनांचा खासगी मामला, अशी तिची भूमिका. तत्त्व म्हणून त्यात चूक काही नव्हती. फक्त त्या बाकीच्या खंडांना स्वतः बोलवायला फिफाला पुढे चाळीस वर्षं लागली.

दादाच्या वहीतलं मला सगळ्यात आवडणारं पान १९६१चं. बेन्फिकाने लिस्बनमध्ये पेन्यारोलला १-० हरवलं. परतीच्या सामन्यात मोन्तेविदेओत पेन्यारोलने ५-० असा धुव्वा उडवला. तुम्ही-आम्ही म्हणू, संपलं, ५-१. पण तेव्हा गोलांची बेरीज धरत नसत, विजयाचे गुण धरत. एक विजय यांचा, एक त्यांचा, म्हणून तिसरा सामना! त्यासाठी तरुण युसेबियोला मुद्दाम मोन्तेविदेओला आणलं, त्याने गोलही केला, तरी पेन्यारोल २-१ जिंकला. या पानावर दादाने समासात लिहिलंय, ‘हे गणित कोणाचं?’ पुढे १९६३लाही हेच झालं. ब्राझीलचा सांतोस मिलानकडून त्यांच्या गावी ४-२ हरला, रिओत ४-२ जिंकला, मग तिसरा सामना १-०. त्या शेवटच्या दोन सामन्यांत दुखापतीमुळे सांतोसचा पेले नव्हता. असा पेले, की ज्याने आदल्या वर्षी लिस्बनमध्ये बेन्फिकाच्या घरच्या मैदानावर तीन गोल मारून ५-२ असा निकाल लावला होता. माझ्या एका सहशिक्षकाला पेले म्हणजे फक्त देशांचा विश्वचषक वाटायचा. त्यांना मी हे पान दाखवलं होतं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचलं.

१९६७पासून चार वर्षं मात्र वाचवत नाहीत. ब्वेनोस आइरेसशेजारच्या आवेयानेदात अर्जेंटिनाचा रेसिंग आणि स्कॉटलंडचा सेल्टिक यांचा सामना सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकांतून आलेला दगड की काय, सेल्टिकच्या सिम्प्सन या गोलरक्षकाच्या डोक्यात बसला आणि दुसऱ्याला उभं करावं लागलं. तिसरा सामना मोन्तेविदेओत. रेफ्रीने सहा जणांना बाहेर काढलं, चार सेल्टिकचे, दोन रेसिंगचे. लाल कार्ड अजून निघायचं होतं, सगळं हातवाऱ्यांनी. त्यातला सेल्टिकचा ऑल्ड गेलाच नाही, शेवटपर्यंत खेळत राहिला. रेसिंगच्या कार्देनासने लांबून मारलेला एकमेव गोल इतका सुंदर आहे की या हाणामारीत तो सापडला याचं वाईट वाटतं. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाच्याच एस्तुदियान्तेसने मँचेस्टर युनायटेडला हरवलं, जॉर्ज बेस्टला बाहेर काढलं गेलं. १९६९ला मिलानचा नेस्तोर कोम्बँ हा मूळचा अर्जेंटिनाचा, फ्रान्सकडून खेळणारा. बोम्बोनेरा मैदानावर त्याचा चेहरा रक्ताने माखला आणि वर लष्करी सेवा चुकवली म्हणून पोलिसांनी त्यालाच धरलं. एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना स्वतःच्या देशाच्या सरकारने तुरुंगात टाकलं. १९७०ला फेयेनूर्डचा योप फान डाले चष्मा लावून खेळायचा. त्याने विजयी गोल केला आणि प्रतिस्पर्ध्यांनी चष्मा ओढून मोडला.

मग युरोप यायचाच बंद झाला. आयाक्स १९७१ आणि १९७३ला नाही म्हणाला, बायर्न म्युनिक १९७४ला, लिव्हरपूल १९७७ला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७९ला. त्यांच्या जागी उपविजेते गेले. त्यातला एक, आत्लेतिको माद्रिद, चक्क जिंकला. युरोपचा विजेता कधीच न झालेला हा क्लब १९७४चा जगज्जेता आहे. १९७५ आणि १९७८ या दोन ओळी वहीत कोऱ्या आहेत. हाणामारीची भीती हे कारण खरं होतं, मी नाकारत नाही. पण वेळापत्रक, प्रवास आणि ‘यात आम्हाला काय मिळणार’ हाही हिशेब होता. ज्या स्पर्धेला युरोप नाक मुरडतो ती स्पर्धा दुय्यम, ही समजूत इथून सुरू झाली. तुमच्या पानावरची चौकट त्याच समजुतीची नात आहे.

ही स्पर्धा वाचवली ती टोकियोने. टोयोटाने पैसा घातला, दोनऐवजी एकच सामना ठरला, तोही तिऱ्हाईत मैदानावर, आणि युरोपच्या क्लबांकडून आधीच करार लिहून घेतले, म्हणजे जिंकल्यावर पाय मागे घ्यायला नकोत. ११ फेब्रुवारी १९८१ला पहिला सामना झाला, उरुग्वेच्या नासिओनालने फॉरेस्टला १-० हरवलं. सर्वोत्तम खेळाडूला टोयोटाची मोटार. दादा म्हणायचा, बक्षीस म्हणून गाडी देतात हे ठीक, पण ती घरी कशी नेतात ते कोणी लिहीत नाही. त्या काळातल्या चित्रफिती आता पाहायला मिळतात. हिवाळ्यातलं सुकून पिवळं पडलेलं गवत आणि त्यावर १३ डिसेंबर १९८१ला झिकोचा फ्लामेंगो लिव्हरपूलला नाचवतोय. पूर्वार्धातच तीन गोल. त्या लिव्हरपूलला सामन्याचं फार काही वाटत नव्हतं असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. फ्लामेंगोच्या समर्थकांच्या आरोळ्यांत डिसेंबर ८१ अजून आहे.

टोकियोची पानं वाचायला मजा येते. १९८५ला प्लातिनीने असा काही गोल मारला की बस, आणि तो नाकारला गेल्यावर पठ्ठ्या हनुवटीखाली हात घेऊन मैदानातच आडवा झाला, जणू दुपारची विश्रांती. (युवेंटस पेनल्टींवर जिंकला, शेवटची पेनल्टी त्याचीच.) १९८७ला पोर्तो आणि पेन्यारोल बर्फात खेळले. पण माझ्या नोकरीशी ज्याची गाठ पडली ते पान १९९१चं. ८ डिसेंबरला बेलग्रेडच्या रेड स्टारने चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवलं. साविचेविचला पूर्वार्धातच बाहेर काढलं होतं, उरलेले दहा जण. युगोविचचे दोन गोल. हा संघ त्या हंगामात युरोपातले आपले घरचे सामनेसुद्धा घरी खेळू शकत नव्हता, हंगेरी-बल्गेरियात खेळत होता, कारण घरी युद्ध पेटलं होतं. वर्गातल्या भिंतीवर युगोस्लाव्हिया हा देश एका रंगात होता आणि तो पुसायचा की ठेवायचा याचं परिपत्रक आलेलं नव्हतं. दादाने वहीत देशाच्या रकान्यात ‘युगोस्लाव्हिया’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मीही त्या वर्षी मुलांना तेच सांगितलं: नकाशात आहे, पुढचं माहीत नाही.

आता थोडी बेरीज-वजाबाकी, कारण माझं खरं म्हणणं त्यातच आहे. १९६० ते १९९५ या काळात स्पर्धा ३४ वेळा झाली. लाल शाई २०, निळी १४. एकट्या मोन्तेविदेओ शहरात सहा करंडक गेले, पेन्यारोलचे तीन आणि नासिओनालचे तीन. २००४मध्ये ही जुनी स्पर्धा बंद झाली तोवर सगळ्या इंग्लंडकडे मिळून एक होता, मँचेस्टर युनायटेडचा १९९९चा. ब्राझीलच्या सगळ्या क्लबांचे मिळून सहाच. मुलांना मी उरुग्वे शिकवताना गवताळ प्रदेश, मेंढ्या आणि लोकर सांगायची. हे सांगितलं असतं तर जास्त लक्षात राहिलं असतं.

२८ नोव्हेंबर १९९५ला आयाक्सने ब्राझीलच्या ग्रेमियोला पेनल्टींवर हरवलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ डिसेंबरला, युरोपच्या न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकतो, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. आयाक्सचा तो अख्खा तरुण संघ दोन-चार वर्षांत पांगला, आणि मोठ्या क्लबांना जगभरातून माणसं गोळा करायची वाट मोकळी झाली. पैसा टीव्हीने पुरवला. १९९६पासून २००४पर्यंत निळी सात, लाल दोन, दोन्ही वेळा अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स. पुढे फिफाची स्वतःची स्पर्धा आली. २००० साली एकदा, मग २००५पासून २०२३पर्यंत दरवर्षीची. या वीस स्पर्धांत निळी सोळा, लाल चार. शेवटची लाल ओळ २०१२ची: योकोहामात ब्राझीलच्या कोरिन्थियन्सने १-० असं हरवलं, कोणाला? चेल्सीला. २००५ला साओ पाउलोने लिव्हरपूलला, २००६ला ब्राझीलच्याच इंतेर्नासिओनालने बार्सिलोनाला, तेही १-०नेच. एक गोल करायचा आणि गोलरक्षकाच्या भरवशावर तग धरायचा, एवढंच हातात उरलं होतं. तेव्हापासून वहीत विजेत्याची एकही ओळ लाल पेनने लिहिलेली नाही.

दक्षिण अमेरिकेत फुटबॉल आटला म्हणून हे झालं नाही. २०१९ला दोहात लिव्हरपूलने फ्लामेंगोचा ३८ वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता केला, जादा वेळेत, १-०. गोल फिर्मिनोचा, ब्राझीलचाच. २०२५च्या त्या उपांत्य सामन्यात चेल्सीचे दोन्ही गोल जोआओ पेद्रोने केले. तो फ्लुमिनेन्सेच्या अकादमीत वाढलेला मुलगा. कोवळ्या वयात इंग्लंडला गेला, स्पर्धा चालू असतानाच चेल्सीत आला आणि ज्यांनी खेळायला शिकवलं त्यांच्यावर दोन गोल मारून, जल्लोष न करता, हात जोडून उभा राहिला. वहीत मी निळ्या शाईनेच लिहिलं, नियम म्हणजे नियम. पण ती निळी शाई कुठून भरली जाते ते दिसत होतं.

हिरव्या शाईचीही गोष्ट आहे. १४ डिसेंबर २०१० रोजी अबू धाबीत काँगोच्या टीपी माझेम्बेने इंतेर्नासिओनालला उपांत्य सामन्यात २-० हरवलं. युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून दुसऱ्या खंडाचा क्लब अंतिम सामन्यात जाण्याची ही पहिलीच वेळ. माझेम्बे लुबुम्बाशीचा. लुबुम्बाशी म्हणजे कटांगा, कटांगा म्हणजे तांबं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. तिथे एवढा फुटबॉल आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचा गोलरक्षक किडियाबा गोल झाला की जमिनीवर बसून ढुंगणावर उड्या मारत पुढे जायचा. दादाचा फोन आला. तेव्हा त्याला लिहिताना हात थरथरायचा. म्हणाला, ‘हिरवं पेन आण येताना.’ बाकी काही नाही. अंतिम सामना इंटर मिलानने ३-० जिंकला, म्हणून विजेत्याची ओळ निळीच आहे, पण तिच्या खाली दादाने हिरव्या शाईत उपविजेत्याचं नाव लिहिलं. त्याआधी उपविजेत्यांना तो शाई घालवत नसे.

नंतर हिरवं पेन बरंच चाललं. २०१३ला मोरोक्कोच्या राजा कासाब्लांकाने रोनाल्डिन्योच्या संघाला ३-१ हरवलं आणि शिट्टी वाजताच त्याच्याच पायातले बूट आठवण म्हणून मागून घेतले. २०१६ला जपानच्या काशिमा अँटलर्सने रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत खेचलं. शिबासाकीचे दोन गोल. शेवटी रोनाल्डोने तीन मारून ४-२ केलं, पण त्याआधी रामोसला दुसरं पिवळं कार्ड दाखवायला रेफ्रीचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. २०१८ला अमिरातीचा अल ऐन, २०२३च्या फेब्रुवारीत सौदीचा अल हिलाल, हे दोघेही अंतिम फेरीत. खंडांचं आणि फुटबॉलच्या संघटनांचं काही वेगळंच नातं असतं हेही मला याच वहीने शिकवलं. २०००मध्ये साउथ मेलबर्न ओशनियाचा विजेता म्हणून आला होता. २०१४ला सिडनीचा वेस्टर्न सिडनी वाँडरर्स आला तो आशियाचा विजेता म्हणून, कारण मधल्या काळात ऑस्ट्रेलियाने संघटना बदलली होती. ऑस्ट्रेलिया आशियात! पेपरात असं उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

आता २०२५च्या नव्या स्पर्धेकडे. बत्तीस संघ, ६३ सामने, अब्ज डॉलरची बक्षिसं, चावीने उघडणारा सोनेरी करंडक आणि त्यावर कोरलेला जगाचा नकाशा. स्पर्धा रंगली, हे मान्यच. अल हिलालने मँचेस्टर सिटीला ४-३ हरवलं. पॅरिस गटात बोताफोगोकडून हरला आणि चेल्सी फ्लामेंगोकडून, म्हणजे अंतिम सामना खेळणारे दोन्ही संघ आधी रिओच्या क्लबांकडून मार खाऊन आले होते. मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद ऑकलंड सिटीने दिला. नोकऱ्या सांभाळून खेळणारी ती पोरं. बायर्नने दहा गोल घातले, बेन्फिकाने सहा. तिसऱ्या सामन्यात बोका ज्युनियर्ससमोर कॉर्नरवरून ख्रिश्चन ग्रेने हेडर मारला आणि १-१. हा ग्रे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होता असं कळलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण ही खंडविजेत्यांची स्पर्धा नव्हे. बत्तीसपैकी बारा युरोपचे. साल्झबर्गने युरोपचा करंडक कधी जिंकलेला नाही, तरी क्रमवारीच्या जोरावर आला. इंटर मायामीला यजमान देशाची म्हणून जागा मिळाली. खुद्द चेल्सी पात्र ठरला तो २०२१मध्ये युरोप जिंकल्यामुळे. ज्यात त्या-त्या वर्षीचे सहा खंडांचे विजेते येतात ती आता डिसेंबरची इंटरकॉन्टिनेंटल, जिला तुम्ही चार ओळी दिल्या. तिथेही खोट आहेच. युरोपचा विजेता थेट अंतिम सामन्यात. फ्लामेंगो आठ दिवसांत तीन सामने खेळला: १० डिसेंबरला मेक्सिकोच्या क्रुझ आझुलशी, १३ला इजिप्तच्या पिरॅमिड्सशी, १७ला पॅरिसशी. पॅरिस फक्त तिसऱ्याला आला. तरी १२० मिनिटांनंतर १-१ होतं. मी दोन्ही पेनं टोपणं काढून समोर ठेवली होती. तेरा वर्षांनी लाल उघडलं होतं, चालतंय का ते समासात गिरवूनही बघितलं. मग पॅरिसचा गोलरक्षक साफोनोव्हने एक नाही, दोन नाही, चार पेनल्टी अडवल्या. निळं.

माझं मागणं छोटं आहे. दुरुस्ती छापा. चेल्सी हा बत्तीस संघांच्या नव्या स्पर्धेचा पहिला विजेता, एवढंच लिहिलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तो पहिला क्लब विश्वविजेता नाही, आणि इंटरकॉन्टिनेंटल २०२४ला जन्मली नाही. माझी वही पटत नसेल तर फिफाचं घ्या: २७ ऑक्टोबर २०१७ला कोलकात्यात झालेल्या बैठकीत फिफाच्या परिषदेनेच १९६० ते २००४च्या सगळ्या विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता दिली आहे. त्यालाही आडवे जाणारे आहेत. पाल्मेरासवाले म्हणतील, आम्ही १९५१ला रिओत युवेंटसला हरवून करंडक नेला, खरे पहिले आम्हीच. त्यावर ब्राझीलमधले बाकीचे सगळे त्यांना हसतात. दादाने १९५१ची ती नोंद वहीच्या मागच्या पानावर केली आहे, पेन्सिलीने.

एक अडचण माझीही आहे, तुमच्या क्रीडा विभागात कोणाला सुचलं तर कळवा. २०२५ या वर्षासमोर वहीत एकच ओळ आखलेली आहे आणि विजेते दोन झालेत, जुलैतला चेल्सी आणि डिसेंबरातला पॅरिस. सध्या दोन्ही नावं बारीक अक्षरात वर-खाली कोंबली आहेत.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त भूगोल शिक्षिका)

ता. क. दुरुस्तीत विजेत्यांची यादी दिलीत तर कृपया ‘पेन्यारोल’ असं छापा, ‘पेनारोल’ नको. वहीत पहिल्या पानावर ‘पेनारोल’च होतं. दादाला पुढे उच्चार कळल्यावर त्याने सगळीकडे ‘ना’ खोडून ‘न्या’ केला आहे, आणि ती खाडाखोड अजून स्पष्ट वाचता येते.